मुंबई न पाहिलेले बाँबे अण्णा

बाँबे अण्णांनी मुंबई कधी पाहिली नव्हती. येलहंक्याच्या जुन्या भागात त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि त्यांचं सगळं आयुष्य त्याच गल्लीत गेलं. कैक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत आलेलं शिंप्यांचं घर. मराठी बोलायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून ते गिऱ्हाइकांशी मराठी बोलायचे. समजो न समजो. 'बाँबे' हा त्यांचा रक्तगट, पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून तसं नाव. साध्या तपासणीत तो 'ओ' म्हणून निघतो आणि तिथेच घात होतो, कारण या माणसांना 'ओ'सुद्धा चालत नाही. त्यांना त्यांच्याच गटाचं रक्त लागतं, आणि अशी माणसं शोधून सापडत नाहीत.

मी रक्तदात्यांची यादी सांभाळते. कोरमंगलात पीजीत राहते, ऑफिस सुटलं की पत्रकं वाटते. "काय पत्रकबाई, आज कोणावर?" ही अण्णांची विचारपूस. मग मी सरकारवर, हॉस्पिटलांवर, वाढदिवसाला फुगे लावतात पण रक्त द्यायला घाबरतात अशा तमाम सुशिक्षितांवर घसरायची. ते मशीन न थांबवता ऐकायचे आणि म्हणायचे, "सरी, बरोबर. पण पेशंटला रक्त मिळालं ना?" मिळालेलं असायचं. त्यांनीच दिलेलं असायचं.

रक्त कोणाला गेलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "आपल्यातलंच कोणीतरी," एवढंच म्हणायचे. आपल्यातलं म्हणजे मराठी किंवा शिंपी नव्हे, बाँबे गटाचं. लग्न न केलेल्या, भावंडं न उरलेल्या त्या माणसाला तेवढीच भावकी होती, आणि तिच्यातला एकही चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात ऐकेनासा झाला. मेंदूच्या आवरणावर गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण रक्तवाहिन्यांनी भरलेली. सर्जन म्हणाले, चार पिशव्या हाताशी असल्याशिवाय डोकं उघडणार नाही. अण्णांचंच रक्त आधी काढून ठेवावं, तर हिमोग्लोबिन कमी. आयुष्यभर दिलं, आणि आता त्यांना द्यायला चार माणसं मिळेनात. सरकारी पातळीवर अशा गटांची एक धड यादी का नाही, हे मी भेटेल त्याला विचारत सुटले. फोन करकरून दोन दाते मिळाले, एक निपाणीचा, एक म्हैसूरची.

त्या घाईत मी मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं, "ऑपरेशनसाठी बाँबेचे दाते तातडीने हवेत." 'गट' हा शब्द राहून गेला. शनिवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बेळ्ळंदूरहून, नऊ जण हॉस्पिटलात हजर. एकाने पुरावा म्हणून जन्माचा दाखला आणलेला, दादरचा. दुसरा दबकत म्हणाला, "मी डोंबिवलीचा आहे, चालेल का?" चूक माझी, आणि भडकलेही मीच. अण्णांनी कॉटवरूनच मला थांबवलं. "अग, एवढ्या ट्रॅफिकमधून आले. स्वल्प कॉफी तरी विचार." मग डोंबिवलीवाल्याला म्हणाले, "तुम्ही या हो. मी तर येलहंक्याचा असून बाँबे आहे." नऊही जणांनी आपापल्या गटाचं रक्त देऊन टाकलं. अण्णांना त्यातलं थेंबभर चालणार नव्हतं.

मार्ग काढला भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी. त्या म्हणाल्या, "ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देऊ. जुनंच औषध आहे, बाळंतपणात फार रक्त गेलं तरी देतात. जखमेवर रक्ताची गुठळी धरते, पण शरीर तीच विरघळवायलाही लागतं. हे औषध ते विरघळणं रोखतं. कापायच्या आधी शिरेतून देणार, मग ऑपरेशनभर थोडं थोडं."

"म्हणजे रक्त लागणारच नाही?" मी.

"असं मी म्हटलं नाही. कमी जाईल अशी आशा. नको तिथे गुठळी होण्याची, फिट येण्याची भीतीही आहे. सर्जनशी बोलले आहे. दोन पिशव्यांवर ते तयार आहेत."

"चार नाहीत म्हणून दोन आणि एक इंजेक्शन? हा काय न्याय झाला?"

अण्णा मध्येच म्हणाले, "अक्का, शिवण उसवू नये म्हणून शेवटाला गाठ मारतो आम्ही. तसंच ना?"

"जवळजवळ तसंच."

"मग मारा."

ऑपरेशनच्या दिवशी फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. मी 'ओळख' लिहिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, हे चालत नाही. मग 'पुतणी' लिहिलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्या खोट्या नात्याने बाकावर बसून राहिले. दुसरं कोणी आलं नाही. डॉक्टरबाई बाहेर आल्या. गाठ निघाली होती. एक पिशवी लागली होती, दुसरी तशीच. ती चार दिवसांनी हुबळीच्या एका बाळंतिणीला गेली.

इथे माझं पत्रक संपलं असतं. माणूस वाचला, छापा. पण टाके निघाले, हात पुन्हा ऐकू लागला, तेव्हा अण्णा म्हणाले, "तीन महिन्यांनी माझं नाव परत यादीत घे." मी नेहमीसारखं तोंडावर सांगितलं, "नाही घेता येणार. फिटची गोळी चालू, हिमोग्लोबिन कमी, वयही पासष्टला टेकलं."

"पुन्हा कधीच नाही?"

"नाही."

ते चादरीची शिवण चाचपत राहिले. "मग काढलंस नाव?"

"काढलं."

त्यानंतर त्यांना फोन करायचं कारणच उरलं नाही. इतकी वर्षं मी त्यांना फक्त कारणाने फोन केला होता, हे मला दोन महिन्यांनी कळलं. एका रविवारी नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल. कुठलं हॉस्पिटल?"

"कुठलंच नाही, अण्णा. सहज केला."

पलीकडे मशीन थांबलं. "सहज म्हणजे?" त्यांनी विचारलं.