ताईंचं एकुलतं एक खोटं

"खोटं वाटते का तुले? विचार याले!"

असं म्हणताना ताई शेजारच्या माणसाचा दंड धरायच्या. तो ओळखीचा असलाच पाहिजे अशी काही अट नव्हती. कंपनीच्या बसमध्ये नुकताच नोकरीला लागलेला एखादा मुलगा कानात इअरफोन घालून डोळे मिटून बसलेला असायचा आणि ताईंच्या नवऱ्याच्या मूळव्याधीला त्याला साक्षीदार व्हावं लागायचं. तोही बिचारा मान हलवायचा.

आमची बस कर्वेनगरहून निघायची, वारज्याला ताईंना घ्यायची आणि हिंजवडीला पोचेपर्यंत, ट्रॅफिकच्या कृपेने, ताईंच्या संसाराचं एक अख्खं प्रकरण सांगून व्हायचं. ताई मूळच्या नागपूरच्या. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होत्या, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायच्या. स्वतःच्या चुका मात्र फुकट सांगायच्या. एकदा, पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासल्याच्या धरणावर कणीस खाताना त्यांच्या सासूबाईंची कवळी पाण्यात पडली. ती गोष्ट त्यांनी इतक्या रंगवून सांगितली की त्यानंतर आठवडाभर बसमधला जो तो नळाचं पाणी पिताना आधी ग्लासात डोकावून बघत होता.

मी जन्माने पुण्याची. आमच्या घरात कोणाला ताप आला तरी तो शंभराच्या वर गेल्याशिवाय शेजारच्या खोलीत कळत नाही. त्यामुळे ताई शेजारी येऊन बसल्या की मी लॅपटॉप उघडायचे. त्यांना काही सांगावं हे तर माझ्या स्वप्नातही नव्हतं. ताईंना सांगणं आणि चौकात लाऊडस्पीकर लावणं यात फरक एवढाच, की लाऊडस्पीकरला परवानगी लागते.

चार वर्षांपूर्वी माझी मुलगी दीड वर्षाची होती. नवरा महिन्याभरापूर्वी कामासाठी जर्मनीला गेला होता, आणि जाताना मागे काय ठेवून गेला ते मला तो गेल्यावर कळलं. पहिल्या बाळंतपणानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. आत्ता कुठे मी झोपायला आणि हसायला लागले होते. मला दुसरं मूल नको होतं. निदान तेव्हा तरी नक्कीच नको होतं. नवरा फोनवर म्हणाला, "तू म्हणशील तसं." जगात यापेक्षा समजूतदार आणि यापेक्षा निरुपयोगी वाक्य नसेल. घरात सासू-सासऱ्यांना कळलं असतं तर बैठक बसली असती, दोन आत्या फोनवर आल्या असत्या, आणि माझ्याच पोटाबाबत मला फक्त एक मत उरलं असतं.

म्हणून मी गुपचूप लांबच्या एका दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "मिस्टरांची सही लागेल. नसतील तर सासूबाईंना आणा." समोर भिंतीवर मोठी पाटी होती, गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. घाबरलेल्या माणसाला सगळी अक्षरं दिसत नाहीत. मला त्यातलं 'गर्भ' आणि 'गुन्हा' एवढंच दिसलं आणि मी जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ताईंनी डबा उघडला. लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी तोंडावर ओढणी धरली. ताई बोलता बोलता थांबल्या. पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून बघायला लागली, कारण बस अशी अचानक शांत व्हायची कोणाला सवयच नव्हती. ताईंनी डबा बंद केला आणि हिंजवडीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता संपलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कंपनीला कळणार.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला गाठलं आणि कॅम्पसच्या बागेत फेऱ्या मारायला नेलं.

"ठेवायचं आहे का तुले?"

"नाही."

"कोणी नको म्हणून राहिलं, का तुझं तुलेच नको?"

"माझं मलाच."

"मग रडून कायले राहिली?"

मी रडते आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, ते बेकायदा आहे. पाटी लावलीये तिथे."

ताई इतक्या हसल्या की गेटवरचा सिक्युरिटीवाला दोन पावलं पुढे आला. "अवो बाई! पोटात पोरगा आहे का पोरगी, ते पाहणं गुन्हा आहे. हे नाही. डॉक्टर रीतसर करतात हे. तू सज्ञान आहे ना? मग तुझी एकटीची सही पुरते. नवऱ्याची लागत नाही अन् सासूची त बिलकूल नाही. फ्लॅट विकून राहिली का तू?"

"मग मेडिकलमधून गोळ्याच आणते ना. कशाला कोणाला कळायला हवं?"

त्यांचं हसू तिथेच थांबलं. "ते नको करू. आधी डॉक्टर पाहतील, गर्भ कुठे आहे, किती आठवड्याचा आहे. नळीत असला त जीवावर बेतते. माझ्या बहिणीच्या वेळेस पाह्यलं मी. उद्या चल माझ्यासंगं."

त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही गेलो. बाहेर नंबर लावून बसलो, आणि दार उघडून आमच्या सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या काकू आत आल्या. या काकूंना लिफ्टमध्ये एक मजला मिळाला तरी माणसाची कुंडली पुरी होते.

"अगं, तू इकडे कुठे?"

जे मी नवऱ्याच्या आईपासून लपवत होते ते आता जिन्याजिन्यातून फिरणार होतं. आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या ताई, सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्यासंगं आली हो ती. माझंच राहिलं ना बाप्पा!"

"तुमचं? या वयात?"

"मले वाटलं पाळी चालली, अन् इथं पाळणा निघाला. खोटं वाटते का? विचारा हिले!" आणि त्यांनी माझा दंड धरला. मी मान हलवली. आयुष्यात इतकी मनापासून मान मी लग्नातही हलवली नव्हती.

तेवढ्यात नर्सने माझं नाव पुकारलं. काकूंच्या भुवया वर गेल्या. ताईंनी लाजून पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली. "माझं नाव सांगायची लाज वाटली, म्हणून हिचं देल्लं," असं काकूंच्या कानात सांगून त्या माझ्याबरोबर आत शिरल्या.

आत डॉक्टरबाईंनी ताईंना पलीकडच्या खोलीत गप्प बसायला सांगितलं. कोणी सांगितलं आणि ताई खरंच गप्प बसल्या, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग डॉक्टरबाईंनी मला एकटीला विचारलं, कोणाचा दबाव नाही ना? सोनोग्राफी केली. सात आठवडे. गोळ्या घेता येतील किंवा छोटी प्रोसिजर करता येईल, दोन्हींत काय होतं ते घाई न करता सांगितलं. विचार करायला वेळ हवा तर घरी जा म्हणाल्या. मी गोळ्या निवडल्या. पहिली तिथेच घेतली. उरलेल्या दोन दिवसांनी घ्यायच्या होत्या, कोणाच्या तरी सोबतीत. रक्तस्राव हाताबाहेर गेला, ताप आला, तर वाट न बघता फोन करायचा, आणि पुढे तपासायला नक्की यायचं. कागदावर एकच सही होती, माझी. बाहेर पडल्यावर मी पुन्हा रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले, आणि थोडं वाईटही वाटलं म्हणून.

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या ऑफिसातल्या बाईंचं ऐकलं हो." काकूंचा वेग मी कमीच धरला होता. "या वयात शरीराला झेपत नाही. घरी करणारं कोण आहे तिला? शनिवारी जा तू तिच्या सोबतीला. पोरीला मी बघते." आणि डिंकाच्या लाडवांचा डबा भरून दिला.

शनिवारी मी वारज्याला ताईंच्या पलंगावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले होते आणि माझ्या घरून ताईंसाठी आलेले लाडू ताई मलाच भरवत होत्या. पोट दुखायचं तेवढं दुखलं, पण ताईंनी त्याच्याकडे लक्ष द्यायला सवड दिली नाही. दिवसभर त्या बोलत होत्या आणि दर थोड्या वेळाने, गोष्टीत खंड न पाडता, मला बाथरूमला नेऊन किती जातंय ते विचारत होत्या. त्यांचे मिस्टर स्वयंपाकघरात मुकाट चहा करत होते. बातमी वारज्यापर्यंतही पोचली होती; तिथल्या सगळ्या बायका आपल्याकडे अशा का बघतात, हे त्या सज्जन माणसाला बहुतेक अजूनही कळलेलं नाही.

मंगळवारी बसमध्ये ताईंचं स्वागत खोकल्यांनी झालं. आमच्या सोसायटीतली दोघं त्याच बसला होती. "ताई, या वयात?" मागून कोणीतरी म्हणालं. मला वाटलं, आता खरं सांगायला तोंड उघडतील. उघडलं, पण गोष्टीत आणखी मसाला घालायला. बस हसून लोळली. महिनाभर ते चाललं. फक्त एकदा, उतरताना, त्या सहज म्हणाल्या, "पोरगा बोलून नाही राहिला माझ्याशी. कॉलेजात कोणी चिडवलं त्याले."

"ताई, त्याला तरी खरं सांगा."

"सांगितलं त तो मित्राले सांगन. माझाच पोरगा आहे ना तो!" त्या हसल्या आणि ऑफिसच्या दारापर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

मुलगा पुढे बोलायला लागला. पण खरी गोष्ट त्याला कधीच कळली नाही. तोंडात तीळ न भिजणाऱ्या त्या बाईने माझी गोष्ट तेवढी अख्खी पोटात ठेवली.

मागच्या वर्षी आई आजारी म्हणून ताई नागपूरला कायमच्या गेल्या. बस आता पूर्वीएवढ्याच वेळात पोचते, पण प्रवास लांबल्यासारखा वाटतो. सगळे आपापल्या मोबाईलमध्ये असतात.

परवा एका जुन्या सहकाऱ्याने नव्या मुलामुलींना ताईंचा किस्सा सांगायला घेतला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पाळणा वगैरे. सगळे हसायला लागले. मी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, "त्या नव्हत्या. मी होते."

मी पुढचंही सांगितलं, पाटीचं, सहीचं, काकूंचं. आवाज मागच्या सीटपर्यंत जात होता. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. एका आठवड्यात एवढं शौर्य पुणेकराला पुरतं.

हिंजवडीला सगळे उतरले. एक नवी मुलगी, जिचं मला नावही माहीत नाही, बॅगेची चेन उघडझाक करत माझ्याजवळ रेंगाळली.

"मॅम," ती हळूच म्हणाली, "सही खरंच आपली एकटीचीच लागते ना?"

"एकटीचीच," मी म्हटलं. "पण जायला मी बरोबर येते."