पडताळणी बाकी

ऑफिसात तिला सगळे यादीबाई म्हणायचे. पाणीपुरवठा खात्यात ती टायपिस्ट म्हणून लागली आणि पुढे स्वतःच्या हिमतीवर कॉम्प्युटर शिकली. शहरातल्या नळांचं पाणी रोज तपासलं जायचं आणि प्रयोगशाळा प्रत्येक बाटलीचा निकाल डेटाबेसमध्ये भरायची. त्या हजारो नोंदींतून लोकांच्या कामाच्या तेवढ्या निवडून त्यांची फीड बनवायची, हे यादीबाईचं काम. फीड म्हणजे आपोआप ताजी होत राहणारी यादी. दर पंधरा मिनिटांनी तिचा प्रोग्राम नोंदी चाळायचा, भागवार वेगळ्या करायचा आणि वेबसाइटवर ठेवायचा. तिथून शाळा, दवाखाने, वर्तमानपत्रं त्या उचलत. कुणीही आपल्या भागाची फीड फोनवर लावून घ्यावी. टेकडीमागे राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या फोनवर तर तिनेच बसून ती लावून दिली होती.

एकदा प्रयोगशाळेत दोन बाटल्यांची अदलाबदल झाली आणि चांगल्या पाण्याला 'पिऊ नये' असा शेरा लागून तो फीडवर गेला. दोन शाळा सोडून दिल्या, लोक गेटवर येऊन थडकले. साहेबांची पार शोभा झाली.

"बाई, यापुढे दुसऱ्यांदा तपासून पक्की झाल्याशिवाय एकही वाईट नोंद बाहेर जाता कामा नये," साहेब म्हणाले.

मागणी रास्तच होती. यादीबाईने प्रोग्राममध्ये एका ओळीची अट घातली: वाईट निकाल असेल, तर 'पडताळणी झाली' असा शिक्का असलेलीच नोंद घ्यायची. तो शिक्का मारायच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई. काम वेळच्या वेळी चालायचं.

मग मोठ्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या दोन महिन्यांच्या रजेवर गेल्या. त्यांचं काम कुणाकडे दिलं, हे कुणी विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याकडे असेल.

फीड शांत झाली. टेकडीमागच्या भागात तर सगळं कसं आलबेल. साहेब एकदा जाता जाता तिच्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "बघा, हल्ली एक तक्रार नाही." यादीबाईलाही बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी बहिणीचा फोन आला.

"ताई, पोरगी कालपासून उलट्या करतेय गं. पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. शेजारचे सुतारकाकाही आडवे झालेत."

"पाणी उकळून देत होतीस ना?"

"नाही गं. नळाला जरा वास येत होता, म्हणून तुझी यादी बघितली. त्यात काहीच नव्हतं. मग कशाला उकळायचं?"

"आधी तिला दवाखान्यात ने," यादीबाई म्हणाली.

ऑफिसात आल्यावर पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने मूळ नोंदी उघडल्या. एकतीस वाईट निकाल होते. त्यातले सव्वीस टेकडीमागचे, पहिला अकरा दिवसांपूर्वीचा. प्रत्येकासमोर तेच दोन शब्द: पडताळणी बाकी.

तिने प्रयोगशाळेत फोन लावला. तिथला तपासनीस म्हणाला, "आम्ही रोज भरतोय, बाई. आम्हाला वाटलं, तुमच्याकडून बाहेर जातंय."

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी आकडा ऐकला आणि चष्मा काढून पुसत बसले.

"एकदम एकतीस सोडल्या तर लोक विचारतील, अकरा दिवस काय झोपा काढत होता?"

"विचारू देत साहेब. माझी भाची आजारी आहे. आणखी किती असतील कोण जाणे!"

"मी वर कळवतो. तोवर कशाला हात लावू नका."

"तोवर म्हणजे किती?"

साहेब फाइल उचलून मीटिंगला निघून गेले.

ती जागेवर येऊन बसली. बाहेर गेलेली नोंद परत बोलावता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पंधरा मिनिटांत ती शंभर ठिकाणी उतरलेली असते. तिने अट बदलली. बाकी असलेल्या नोंदीही जातील, पण शेजारी 'पडताळणी बाकी, पाणी उकळून प्या' असं लिहून. घाईत दोनदा स्पेलिंग चुकलं. पुढच्या फेरीला एकतीसच्या एकतीस नोंदी बाहेर पडल्या. पाच मिनिटांत कोपऱ्यातला फोन वाजला, मग शेजारचा, मग सगळेच.

दुपारी टेकडीमागचा पुरवठा बंद झाला. फुटलेली वाहिनी गटारालगत सापडली. भाची चार दिवसांनी उठून बसली. सुतारकाका गेले. यादीबाई भेटायला गेली, तेव्हा त्यांची बायको तिला म्हणाली, "तुझ्यामुळे निदान बाकीचे वाचले गं." यादीबाईला मान वर करवेना.

चौकशी झाली. "ही अट कुणी लिहिली?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी."

"आणि परवानगीशिवाय बदलली कुणी?"

"मीच."

साहेबांनी कानावर हात ठेवले. तिची बदली जुन्या नकाशांच्या खोलीत झाली आणि फीडचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं. सगळं व्यवस्थित आहे, मोठ्या बाईही कामावर आल्यात, असं तिला सांगितलं गेलं.

तिने सकाळी उठून टेकडीमागची फीड बघायचं सोडलं नाही. सहा आठवडे एखाददुसरी वाईट नोंद येत राहिली. मग एका आठवड्यात तिथली एकही वाईट नोंद आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. तिने तपासनिसाला फोन केला.

"निकाल कसे येताहेत हो?"

तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही आता त्या विभागात नाही ना?"

"नाही."

"मग मला नका विचारू."

पण फोन त्याने ठेवला नाही. शेवटी तिनेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती बहिणीकडे गेली. नळाखाली स्वच्छ बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि प्रयोगशाळेच्या खिडकीवर रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या मुलीने बाटलीवर नंबर चिकटवला आणि पावती पुढे सरकवली.

"निकाल कधी मिळेल?"

"मिळत नाही, मावशी. फीडवर बघायचा."