रशियामामांचा टोपीवाला

शेलूबाजारात रशियामामांकडे शर्ट शिवायला टाकायचा तर आधी रशियातला एक माणूस निवडावा लागे. दुकानात शिलाई मशीनच्या वर प्लायवूडची एक फळी टांगलेली होती आणि तिच्यावर खळीने चिकटवलेले सात फोटो. इतर टेलर लोकांकडे कंबरेवर हात ठेवून उभ्या मॉडेलांची रंगीत पोस्टरं असतात. मामांकडे सोव्हिएत काळातले सात सिनेनट होते, काळेपांढरे, पोस्टकार्डाच्या मापाचे. मामा गळ्यात टेप टाकून आपल्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघत आणि विचारत, "कॉलर कोनासारखी पायजे? कोटवाल्यासारखी का गंजीवाल्यासारखी?" गंजीवाला म्हणजे आडव्या पट्ट्यांची गंजी घातलेला खलाशी, त्याला कॉलरच नव्हती. पण नवख्या गिऱ्हाइकाची एवढी फिरकी घेतल्याशिवाय मामांचा टेप पुढे सरकत नसे.

मी हे कौतुकापोटी लिहितोय असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण लाज आहे. मी तिथल्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. वीस वर्षं माझे सगळे शर्ट मामांनी शिवले आणि उरलेल्या कापडाची चिंधीसुद्धा दरवेळी घडी घालून परत दिली. अशा माणसाशी मी जे वागलो ते आठवलं की आजही वर्गात शिकवता शिकवता माझी जीभ अडखळते.

मामा विशीत असताना थोरल्या भावाबरोबर भिलाईला गेले होते, पोलाद कारखान्याच्या बांधकामावर. तिथे रशियन इंजिनिअर होते, त्यांची वेगळी कॉलनी होती आणि शनिवारी संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात कापडी पडदा लावून त्यांच्यासाठी त्यांच्याच भाषेतले सिनेमे दाखवत. मजुरांना आत जागा नव्हती. ते कुंपणाबाहेर, पडद्याच्या पाठीमागे बसत. त्यामुळे मामांनी पाहिलेले सगळे सिनेमे उलटे होते. सगळे नट डाव्या हाताने जेवत, डाव्या हाताने गोळी झाडत आणि त्यांच्या कोटांची बटणं बायकांच्या झंपरासारखी उलट्या बाजूला असत. "फोटोत तं बटनाची पट्टी बराबर हाय, मंग पडद्यावरच काहून उलटी?" हे कोडं त्यांना बरीच वर्षं पडलेलं होतं. शिंपीकाम शिकलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?

फोटो त्यांना एका इंजिनिअरच्या बायकोने दिले. मामांनी तिच्या घरचे पडदे शिवून दिले होते. मायदेशी परत जाताना तिने नटांच्या पोस्टकार्डांचं एक पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. मागच्या बाजूला नावं छापलेली होती, पण ती अक्षरं मामांना वाचता येत नव्हती, म्हणून गावी आल्यावर त्यांनी सरळ खळ लावून सातही फोटो फळीवर चिकटवले. नावं गेली ती गेलीच. मग मामांनीच बारसं केलं. कोटवाला, गंजीवाला, चष्मेवाला, घोडेवाला, हसरा, म्हातारा आणि टोपीवाला.

या सात जणांवर मामांचा जीव होता. मी एकदा सहज म्हटलं, की आपल्या हिंदी नटांपुढे हे जरा कोरडेच वाटतात. मामांनी पायडल थांबवलं. "सर, आपल्या हिरोले रडाले गानं लागते. यायले नाही लागत. हे चूप उभे राह्यतात, आन् आपल्यालेच समजते का याचं काहीतरी गेलं." मग टेबलावरची पट्टी उचलून त्यांनी घोडेवाल्याच्या हाताकडे दाखवलं. "हात पाहा त्याचे. हे हात कामाचे हायेत. असा हिरो आमाले परवडते." त्यानंतर मी त्या फोटोंकडे जरा नीट बघायला लागलो.

काम करता करता ते सिनेमे सांगत. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसे, आमच्या सगळ्या वस्तीचे पांढरे कपडे त्यांच्याकडे असत आणि तरीही सिनेमा चालूच. संवाद एक अक्षर कळलेलं नव्हतं, त्यामुळे रशियातली सगळी माणसं मामांच्या तोंडी वऱ्हाडीत बोलत. चष्मेवाला डॉक्टर आपल्या आईला "माय, जेवली काय वं?" असं विचारी. रोग्याचा जीव वाचला की डॉक्टर बाहेर येऊन तंबाखू मळी. लोक शर्ट न्यायला येत आणि अर्धा तास बसून राहत.

सगळ्यात जास्त मागणी टोपीवाल्याला होती. हा लढाईवर गेलेला शिपाई. बायकोला सांगून जातो, दोन महिन्यांनी येतो म्हणून. लढाई संपते, बाकीचे येतात, हा येत नाही. बारा वर्षं जातात. मग एक दिवस दाढी वाढलेला माणूस विहिरीवर येऊन पाणी मागतो. बायको मान वर न करता पाणी ओतते आणि ओतता ओतता तिला त्याच्या कोटाच्या बाहीवरचं ठिगळ दिसतं. ते तिच्याच हातचं असतं. मामा इथे मशीन बंद करत. "टाका वयखला तिनं. थोबाड नाही वयखलं, टाका वयखला." एवढं बोलून ते पुन्हा पायडल मारत.

दुकानाच्या आतल्या बाजूला सतरंजीवर वहिनी बसलेल्या असत. त्या मामांच्या थोरल्या भावाची बायको, पण सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे. काज, बटण आणि तुरपाई त्यांच्याकडे. भिलाईचं काम संपत आलं तेव्हा थोरला भाऊ एका ठेकेदाराबरोबर पुढच्या कामावर गेला, दोन महिन्यांनी येतो म्हणाला आणि आलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. मामांनी दोन वर्षं शोध घेतला, मग गावी येऊन दुकान टाकलं आणि वहिनीला सांभाळलं. स्वतः लग्न केलं नाही. त्यावरून गावाला जे बोलायचं ते गाव बोललं, मामांनी कधी उत्तर दिलं नाही. टोपीवाला विहिरीवर यायचा तेव्हा वहिनींची सुई थांबलेली मी स्वतः पाहिली आहे, एकदा नाही, कितीतरी वेळा. मला वाटायचं, म्हातारीला गोष्ट आवडते.

भावाची हकीकत मला माहीत होती. गावात ती सगळ्यांनाच माहीत होती. माझ्या लाजेला म्हणूनच कुठली पळवाट नाही.

तीन वर्षांपूर्वी मी नवा मोबाइल घेतला. त्यात फोटो काढला की तो कुणाचा आहे हे शोधता येतं, हे कळल्यावर मी महिनाभर झाडं, पाखरं, जुनी नाणी असं जे दिसेल ते शोधत सुटलो होतो. एक दिवस शर्टाचं माप देता देता मामांच्या फळीचे सात फोटो काढले. घरी जाऊन बघतो तर सातही जणांची खरी नावं, जन्मगावं, सिनेमे, सगळं समोर हजर. मी इतका हरखलो की दोन दिवस शाळेच्या वह्या तशाच पडून राहिल्या. टोपीवाल्याचा सिनेमा तर इंग्रजी अक्षरांसह पूर्ण बघायला मिळाला. त्यात विहीर नव्हती, ठिगळ नव्हतं. टोपीवाला अर्ध्या सिनेमातच एका पुलाजवळ गोळी लागून पडतो आणि उरलेला सिनेमा त्याच्या सोबत्यांचा आहे.

हे मी मामांना दुकानात जाऊन हळूच सांगू शकलो असतो. किंवा गिळून टाकू शकलो असतो. पण हाती आलेलं ज्ञान चारचौघांत वाटल्याशिवाय मास्तरला झोप लागत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी "आपल्या गावचे रशियामामा" असा कार्यक्रम ठेवला. मामांनी मंचावर बसून सिनेमा सांगायचा आणि मग मी पडद्यावर खरा सिनेमा दाखवायचा. खरं काय आणि मामांचं काय, अशी गंमत. मामांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की तुमच्या दोस्तांचे सिनेमे दाखवणार आहे. त्यांनी त्या दिवसासाठी स्वतःला नवा सदरा शिवला, कोटवाल्याच्या कॉलरचा. वहिनी पांढरं लुगडं नेसून बायकांमध्ये पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

चष्मेवाल्याच्या वेळी लोक हसले. तो डॉक्टर नव्हताच, बँक लुटणाऱ्या टोळीतला होता. मामाही हसले. "घ्या, म्हंजे मी चोराले डॉक्टर केलं," असं म्हणून त्यांनी आणखी हशा मिळवला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग टोपीवाला. मामांनी नेहमीसारखी गोष्ट सांगितली, टाका ओळखण्यापर्यंत. मी माईक घेतला आणि म्हणालो, "आता बघू या खरं काय झालं ते." पडद्यावर पूल दिसला.

मामा पडद्याकडे बघत नव्हते. ते पहिल्या रांगेकडे बघत होते. ते म्हणाले, "सर, बंद करा ते."

मला वाटलं, लाजले. मी हसत म्हणालो, "थांबा मामा, खरी गंमत तर पुढेच आहे."

"बंद करा म्हनलं ना," ते पुन्हा म्हणाले, या वेळी अगदी हळू. मी बंद केलं नाही. गोळी लागली, टोपीवाला पडला, टोपी चिखलात गेली आणि मागच्या बाकांवरची पोरं टाळ्या वाजवत हसली, कारण मामा पुन्हा चुकले होते. मीही हसलो. ते मला लिहावंच लागेल. मी माईकवर हसलो.

वहिनी उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. शेजारच्या बाईकडे वळून त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे हा बी नाही आला." ते मंचापर्यंत ऐकू आलं. मामा खुर्चीतून उठले, पायऱ्या उतरले आणि वहिनींना हाताला धरून घरी घेऊन गेले.

माफी मागायला जायला मला बारा दिवस लागले. दुकान उघडं होतं, फळी जागेवर होती, मामा एक पॅन्ट आखूड करत होते. मी उभ्यानेच म्हणालो, की मामा, तुम्हाला खरी गोष्ट माहीत नव्हती, ती मी तशी चारचौघांत सांगायला नको होती.

त्यांनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाले, "मले मालूम होतं, सर. मी सोताच्या डोयानं पाह्यला तो पडताना. मेलं हे समजाले भाषा लागते काय?"

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.

"दादाचं काय झालं ते मले मालूम नाही," ते म्हणाले. "मालूम असतं तं वहिनीले सांगून टाकलं असतं, बाई एकदाची रडून मोकळी झाली असती. मालूम नाही. मंग मी काय करू? याले वापस आनत होतो. कोनीतरी वापस येते, एवढं तिच्या कानावर पडलं म्हंजे ती रातच्याला जेवे." बोलताना आवाज चढला नाही. त्यांनी मला कधीच दोष दिला नाही, मी तेवढ्यासाठी तरसत होतो तरी.

मी निघालो तेव्हा वहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक फोटो होता, मिशी फुटू लागलेल्या एका तरुणाचा, स्टुडिओत काढलेला. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या मोबाइलनं पन्नास वर्सांआधीचे रशियातले मानसं हुडकून काढले. हा तं इथलाच हाय, आपल्या देशातला. याले पाहा ना."

मी मामांकडे बघितलं. मामांनी मान खाली घातली होती. मी फोटोचा फोटो काढला. मोबाइलने क्षणभर विचार केला आणि जुन्या पद्धतीचे शर्ट विकणाऱ्या दुकानांची यादी समोर ठेवली. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. मी म्हणालो, "नेटवर्क नाही, वहिनी."

"मंग उद्या पाहा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर भेटतील तिथे त्या विचारत, बाजारात, विहाराच्या पायरीवर, दवाखान्याच्या रांगेत. "आलं काय नेटवर्क?" मी रोज नवी सबब सांगायचो. मी दुकानावरून जाणं टाळू लागलो, शर्ट जवळच्या मालेगावहून रेडिमेड आणू लागलो. दुकानात सिनेमे सांगणं बंद झालं आहे, असं लोकांकडून कळत होतं. कुणी आग्रह केला तर मामा म्हणत, "आता सर सांगतात, त्यायले इचारा."

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी माप घेता घेता बसले ते उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दोघातिघांनी मला बोलायला सांगितलं, सर, तुम्हीच बोलले पाहिजे, तुम्हीच त्यांचा एवढा मोठा कार्यक्रम केला होता. मी घसा बसल्याचं सांगितलं. निघताना वहिनींसमोर वाकलो. त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीच बोलून गेलो, "वहिनी, त्या फोटोचं अजून काही कळलं नाही."

"मले मालूम हाय, कयनार नाही," त्या म्हणाल्या. "पन तुमी दरवेळी नाही म्हनून सांगता, सर. भाऊजी म्हनत, दादा निघाला हाय, वाटेत असन."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवून जायला सांगितलं.