विवरातलं ऊन आणि माझी वजाबाकी

जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. मी वजा केले.

एरवी कुणी विचारलंही नसतं. दुर्बीण आणली त्या संध्याकाळी अर्धा तास काहीच दिसेना, तेव्हा मी घरच्यांना आभाळ खराब असल्याचं सांगून टाकलं होतं. भिंगावरचं झाकण नंतर वहिनीनं काढलं. पण या वेळी माझ्या हिशेबावर दादा विसंबून होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. येडगावहून मंचरच्या बाजाराला कांद्याची पिकअप नेण्यात त्याचा जन्म गेला. साखरेनं उजवा डोळा गेला तशी गाडी सुटली. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "आहे तोवर बघून घ्या." दादा माझ्या दुर्बिणीतून चंद्र बघायला लागला. परसातला दिवा आम्ही बिबट्याच्या भीतीनं चालूच ठेवायचो. चंद्राचं त्यानं काही बिघडत नाही.

एकदा एका काळ्या विवरात नुसतं मधलं शिखर उजळलेलं होतं.

"तिथं आत्ता दिस उगवतोय व्हय?"

"हो."

"आन् खाली रातच? घाटाकडं मढ गावाला असंच असतं बघ. डोंगराचं टोक तापतं, अन् खाली माणूस काकडत बसतो."

मग मी फुशारकीनं सांगितलं, की एका विवराच्या कडेला खिंडार आहे. तिथं सूर्य उगवताना उन्हाची एक तिरीप त्या खिंडारातून काळ्या तळावर पडते, दाराच्या फटीतून पडावी तशी. थोड्या वेळानं सगळा तळ उजळतो आणि तिरीप त्यात बुडून जाते.

"त्ये दाव मला," दादा म्हणाला.

मार्गशीर्षातली वेळ मी इंटरनेटवर शोधली. जागतिक वेळ दुपारी दोनची होती. वजा करून सकाळचे साडेआठ आले. चंद्र दुपारी उगवणार, म्हणजे आपल्याकडून दिसणार नाही.

त्या संध्याकाळी दादा कानाला मफलर बांधून परसात आला. आभाळ धुतल्यासारखं होतं, चंद्र डोक्यावर.

"आज न्हाई का लावायची?"

"सकाळीच होऊन गेलं ते, दादा," मी म्हणालो, आणि जागतिक वेळ म्हणजे काय तेही त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली. आत जाऊन आम्ही टीव्हीसमोर भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मंचरच्या एका मास्तरांनी मोबाइलवर फोटो पाठवला. काळा तळ, त्यावर पांढरी रेघ. खाली लिहिलं होतं, काल संध्याकाळी पावणेआठ. मी तीनदा हिशेब केला. तिन्ही वेळा मास्तर बरोबर निघाले.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग फुडल्या टायमाला."

पुढचा योग आपल्याकडे दिवसा पडत होता. त्याच्या पुढचा माघात, शुद्ध नवमीला.

पौष सरता सरता एका सकाळी दादा वहिनीला म्हणाला, "घरात जाळी लई झाली, झाडून घे." वहिनीनं वर बघितलं. जाळी नव्हती. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. पुण्याला नेलं, ऑपरेशन झालं. फरक पडला नाही.

नवमीची वेळ मी मास्तरांकडून तपासून घेतली. तिरीप आली. आधी एक ठिपका, मग हळूहळू लांबत गेलेली बारीक पांढरी रेघ. इतकी स्वच्छ, की मला ती एकट्यानं बघवेना. वहिनीनं दादाला कोपराला धरून आणलं. मी त्याचं डोकं धरून डोळा भिंगाला लावला.

"दिसतंय?"

"उजेड हाये."

मी फोकसचं चाक इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं.

"आता?"

"नुसता उजेड हाये रं."

वहिनी म्हणाली, "भावजी, पुरे करा आता."

पण मला राहवेना. "दादा, डावीकडं काळा तळ आहे ना, त्याच्या मधोमध..."

दादानं डोळा काढला, मफलरनं पुसला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू सांगणार म्हंजी त्ये बी चुकीचंच आसंल."