मागं बसलेले मालक

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप मोबाईलकडे जातो. त्या दिवशी दवाखान्यातून एक फोन यायचा होता, आणि तो वाजूच नये असंही वाटत होतं.

मी तेव्हा नेवासा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मिशनच्या शाळेतल्या एक बाई सकाळच्या शाळेसाठी स्कूटीवरून निघाल्या होत्या. फाट्याजवळ त्यांना एका गाडीने उडवलं. बाईंना बेशुद्धावस्थेत नगरला हलवलं. गाडी मात्र जागेवरच उभी होती. लालभडक, कमरेपेक्षा बुटकी, दोनच माणसं बसतील अशी. अशी गाडी अख्ख्या तालुक्यात एकच होती, त्यामुळे मालक शोधायची वेळ आली नाही.

पंचनामा करताना आमचे हवालदार मागच्या काचेतून आत डोकावले आणि मला म्हणाले, "साहेब, ह्याचं इंजिन तर पाठीत हाय!" खरंच, सीटच्या लगेच मागे इंजिन बसवलेलं होतं. बघ्यांनी त्या गाडीभोवती ही गर्दी केली. दहा पावलांवर बाईंची स्कूटी चेपून पडली होती, तिच्याकडे कुणी वळूनही बघेना. मला माणसांचा संताप येतो तो अशा वेळी.

मालक भागातलं बडं प्रस्थ. स्वतःची शाळा, पेट्रोल पंप, बंगला. सकाळी रस्ता मोकळा असला की ते ही गाडी बाहेर काढायचे. वाटेत गतिरोधक आला की गाडीचं पोट घासू नये म्हणून तिरकी घालून गोगलगायीसारखी पार करायचे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

दुपारच्या आत एक पन्नाशीचा माणूस ठाण्यात हजर झाला. मालकाचा जुना ड्रायव्हर. टोपी हातात धरून ठाणे अंमलदारापुढे उभा राहिला. "गाडी मीच चालवत हुतो साहेब. मालक संगं हुतं. चूक माजी हाय."

त्याचा जबाब सुरू व्हायच्या आधीच ठाण्याच्या फोनवर एक निनावी खबर आली. "साहेब, चालवनारा मालकच हुता. एकलाच हुता. खाली उतारला, डोक्याला हात लावून हुबा ऱ्हायला. मग बंगल्यावरची गाडी आली अन् त्येला घिऊन गेली." नाव विचारताच फोन बंद झाला.

निनावी फोन म्हणजे पुरावा नव्हे. समोरचा माणूस तर स्वतःहून कबुली देत होता. वरूनही विचारणा झाली, आरोपी हजर आहे तर अटक दाखवायला उशीर कशाला? मी वेळ मागून घेतला, पण तो किती पुरणार याची धास्ती होतीच.

मी त्याला खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, बसला नाही. वेग किती होता, ब्रेक कधी दाबला, आडवं काय आलं, सगळ्याची उत्तरं तयार होती. "कुत्रं आडवं आलं." तीनदा विचारलं, तीनदा त्याच शब्दांत तेच. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागचं पुढं करतो. हा पाठ म्हणत होता.

बाहेर त्याची बायको पायरीवर बसून होती. ती मालकाच्या शाळेत शिपाई, आणि दोघं राहायची बंगल्यामागच्या खोलीत. ती नुसती पदर चावत होती. टेबलावरचा मोबाईल वाजला की मीही दचकत होतो आणि तोही. बाई गेल्या तर कलम वाढणार होतं, आणि हा माणूस दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी कितीतरी वर्षं आत जाणार होता. त्यालाही ते कळत होतं. पेल्यात दिलेलं पाणी तो पीत नव्हता.

माझ्याकडचे प्रश्न संपत आले होते. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "मालक कुठं बसले होते?"

"मागं," तो लगेच म्हणाला. "कायम मागंच बसत्यात."

मी पेन खाली ठेवलं. "चल, दाखव."

जप्त केलेली गाडी आवारात लिंबाखाली उभी होती. तो भरभर चालत गेला आणि सवयीने मागचं दार उघडायला हात पुढे केला. तिथे दारच नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. काचेतून इंजिन दिसत होतं.

"कधी चालवलीस ही?"

"हात बी लावू देत न्हाईत साहेब. धुत्यात बी सोता." या गाडीच्या पूजेचा नारळ त्यानेच फोडलेला होता, तिच्यात दोनच सीटा आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण मालक आपल्या शेजारी बसतील हे त्याच्या तोंडून निघणारच नव्हतं. तो तिथेच मातीत बसला आणि हुंदके देऊ लागला. "आता बायकूची नोकरी जाईल साहेब. खोली जाईल. आमी कुटं जायाचं?"

मी त्याचा खरा जबाब लिहून घेतला.

रस्त्यावरच्या एका कॅमेऱ्यात गाडीत एकटे मालकच दिसले, तेव्हा त्यांनी फार ताणलं नाही, कबुली दिली. म्हणाले, "त्या गाडीत बसलो की मला कुणी हाक मारत नाही, कुणाचं काम नसतं. तेवढ्यासाठी घेतली होती." मला ते खरं वाटलं. मी विचारलं, "ड्रायव्हरवर दबाव आणलात?" ते म्हणाले, "दबाव कसला? मी नुसतं विचारलं. तो हो म्हणाला." यातही ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. बाई शुद्धीवर आल्या होत्या. ड्रायव्हर समोरचा पेला उचलून घटाघटा पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी मालकांना कोर्टात न्यायला ठाण्याच्या दारात आमची जीप लागली, तेव्हा ड्रायव्हर आणि त्याची बायकोही आवारात येऊन थांबली होती. ते बाहेर येताना दिसताच ड्रायव्हर लगबगीने पुढे झाला आणि त्याने जीपचं मागचं दार उघडून धरलं. मालक त्याच्याकडे न बघता आत बसले. बायकोने त्याचा हात ओढला. "सोडा की आता!"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक अपघाताच्या जबाबात मी एक प्रश्न न चुकता विचारला, कोण कुठे बसलं होतं? घटना माणूस पाठ करून येतो, आपली पायरी मात्र त्याच्या अंगात मुरलेली असते. ती लाल गाडी आठवली की मला तिच्यातली ती रिकामी दुसरी सीट दिसते. तिच्यावर त्या माणसाला मालकांनी कधी बसवलं नाही. कोठडीत मात्र आपल्या जागेवर बसवायला निघाले होते.