आंबुशीचा कबुलीजबाब

परवा तुळशीच्या कुंडीत आंबुशी उगवलेली दिसली. बदामाच्या आकाराची तीन-तीन पानं आणि नखाएवढं पिवळं फूल. तोडून तोंडात टाकलं आणि त्या आंबट चवीसरशी मी सात वर्षांची होऊन मुलुंडच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमागे जाऊन उभी राहिले.

तेव्हाही मी मूठभर खाल्ली होती. शेजारची सुषमा ओरडली, "अगं, विषारी असतं ते! वाट लागली तुझी!" उरलेलं एक फूल हातात धरून मी रडत घरी गेले. आई भाजी निवडत होती. मरायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं. नैवेद्याचा पेढा मीच खाल्ला. लोणच्याची बरणी मांजराने फोडली नव्हती. गणिताचा पेपर गादीखाली आहे.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "अजून काही?"

"नाही गं."

मग तिने माझ्या हातातलं फूल घेऊन स्वतःच्याच तोंडात टाकलं. "आंबुशी आहे ही. जा, आणखी घेऊन ये. देवाची तांब्याची भांडी हिच्या आंबट पाल्याने घासायचीत तुला."

इतकी वर्षं मला वाटायचं, आईने ती चवीवरून ओळखली. पण परवा मी चष्म्याशिवाय, गॅलरीच्या दारातूनच ओळखली; म्हणजे आईने तर "अजून काही?" विचारायच्या आधीच ओळखली असणार.