अंगावरची जोखीम

जोखीम मोजणाऱ्या एका वेबसाइटवर मी आमचे सगळे म्युच्युअल फंड भरले. पडद्यावरचा काटा थरथरत लाल पट्ट्यात जाऊन थांबला. खाली शब्द आले : जोखीम खूप जास्त.

शेजारी बसलेली बायको म्हणाली, "माझी आई दागिन्यांनाच जोखीम म्हणायची. एसटीत बसलं की बाबांना बजावायची, अंगावर जोखीम आहे, डुलक्या काढू नका."

ऐवज आणि धोका, दोन्हींना एकच शब्द. ज्याच्याजवळ काही नसतं, त्यानं खुशाल झोपावं. मी मात्र ऐवज जवळ ठेवून दहा वर्षं झोपलो होतो.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

काट्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "डुलक्या काढू नका."